वाघाच्या पोटावर माझी साडी

प्रश्न : आमच्या शाळेची सहल यंदा पुणे-मुंबईला गेली होती. राणीच्या बागेत वाघ अगदी काचेसमोर येऊन बसला. मुलं हरखून गेली आणि मी मोबाइलवर भराभर फोटो काढले. तेव्हा सगळं स्वच्छ दिसत होतं. रात्री गाडीत फोटो उघडले, तर वाघाच्या पोटावर माझ्या साडीचे काठ आणि मुलांच्या पिवळ्या टोप्या! डोळ्यांना जे दिसलं नाही, ते कॅमेऱ्याला कुठून दिसलं? सोबत फोटो पाठवत आहे. — एक शिक्षिका, विटा

उत्तर : बाई, फोटो मजेशीर आहे. वाघाच्या पट्ट्यांवर तुमचे इरकली काठ असे काही बसलेत की आधी तो वाघाचाच एखादा जादा पट्टा वाटला. पण मुद्द्याचं सांगायचं तर तुमच्या डोळ्यांनाही ते काठ दिसत होते. तुम्ही वाघ बघायला गेला होता, साडी बघायला नाही, म्हणून मेंदूने साडी बाजूला सारली. कॅमेऱ्याला अशी आवडनिवड नसते.

यात नुसतं लक्ष देण्या-न देण्याचा भाग नाही, दोन डोळ्यांचाही आहे. काचेतलं आपलं प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं. आपण काचेच्या जितकं अलीकडे, तितकंच ते पलीकडे असतं. तुम्ही तीन फुटांवर उभ्या असाल, तर तुमची प्रतिमा काचेच्या आत तीन फुटांवर, म्हणजे तुमच्यापासून सहा फुटांवर. वाघ समजा पंधरा फुटांवर बसलाय. दोन्ही डोळे वाघावर रोखले की सहा फुटांवरची साडी दोन धूसर तुकड्यांत फुटते आणि मेंदू तिला सहज वगळतो. शिवाय आपली मान सतत थोडीथोडी हलत असते. वाघ आणि प्रतिबिंब वेगवेगळे सरकतात, त्यामुळे कोणतं कुठलं हे लगेच कळतं. मोबाइलचं भिंग एकच, त्यातून टिपलेला क्षण थिजलेला. वाघ आणि साडी एकाच कागदावर छापल्यासारखे एकमेकांवर बसतात. त्यात मोबाइलची भिंगं इतकी छोटी, की सहा फुटांवरचं आणि पंधरा फुटांवरचं दोन्ही त्यांना बऱ्यापैकी रेखीव दिसतं. मोठ्या कॅमेऱ्याने भिंगाचं छिद्र पूर्ण उघडून तोच फोटो काढला असता, तर काठ विरघळून नुसता एक रंगीत धुरकट डाग उरला असता.

आता साडी इतकी ठळक का आली, ते बघू. काच पारदर्शक असते हे अर्धंच खरं. समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार टक्के काचेच्या पहिल्या पृष्ठभागावरून आणि जवळजवळ तितकाच दुसऱ्या पृष्ठभागावरून परततो. एकूण आठ टक्के धरा. आठ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हे आठ टक्के कशाचे, यावर सगळा खेळ आहे. तुमच्या फोटोत दुपार कललेली दिसते. ऊन थेट तुमच्या बाजूला शिरलंय आणि वाघ झाडाच्या गार सावलीत आहे. भर उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. दाट सावलीत तो दोनेक हजारांवर येतो. पांढऱ्या शर्टावर पडलेल्या उन्हातला ऐंशी टक्के उजेड उलटतो, म्हणजे ऐंशी हजार. त्यातला आठ टक्के काचेवरून परत आला तरी सहा हजारांच्या वर. सावलीतला वाघ त्याच्यावर पडलेल्या दोन हजारांतला फार तर तीस टक्के उजेड परत पाठवणार, म्हणजे सहाशे. त्यातून काचेची कपात. आठ टक्क्यांतला शर्ट अख्ख्या वाघाच्या दहापट उजळ! बिचारा वाघ त्यात दिसला हेच नवल.

हेच गणित काळ्या कपड्यांना लावा. काळं कापड उन्हातला चार-पाच टक्के उजेडच परत देतं. त्याचं प्रतिबिंब वाघापेक्षा फिकं पडतं आणि वाघ जिंकतो. मुलांच्या पिवळ्या टोप्या मात्र हरायला तयार नव्हत्या. सहलीत मुलं हरवू नयेत म्हणून पिवळा रंग निवडतात, तो त्याचं काम काचेवरही चोख करतो.

रात्रीच्या एस.टी.त आतले दिवे लागले की खिडकीतून बाहेरची शेतं दिसेनाशी होतात आणि आपलाच चेहरा दिसतो. कंडक्टरने दिवे घालवले की शेतं परत येतात. काच तीच असते. तुमच्या फोटोतली भानगड नेमकी हीच आहे, फक्त दिवसाढवळ्या.

---

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. साताऱ्यातल्या एका मित्राने सांगितलं, पोलरायझर लाव, काचेतलं प्रतिबिंब गायब होतं. विकत घेतला, पुण्याला जाऊन कात्रजच्या सर्पोद्यानात लावून पाहिला. काहीही गायब झालं नाही. फिल्टर खराब आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : फिल्टर बहुधा चांगलाच असेल. तुमची उभं राहायची जागा चुकली.

काचेवरून परतलेला उजेड एका विशिष्ट कोनात एकाच दिशेने कंप पावणारा होतो, आणि पोलरायझर अशा उजेडाला अडवू शकतो. तो कोन काचेसाठी सुमारे ५६ अंश आहे. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ साली याचा नियम मांडला, म्हणून तो कोन त्याच्या नावाने ओळखला जातो. हे ५६ अंश काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजायचे. म्हणजे तुम्ही काचेसमोर नाकासमोर उभे असाल तर कोन शून्य, आणि शून्य कोनात पोलरायझर काडीचाही उपयोगाचा नाही. उलट तो निम्म्याहून जास्त उजेड खातो, त्यामुळे साप हलला तर फोटो हलला. बाजूला सरकून काचेकडे बऱ्यापैकी तिरकं पाहिलं आणि फिल्टर फिरवला, तर एका जागी प्रतिबिंब खरोखर पुसलं जाताना दिसेल. बघायला गंमत वाटते.

पण तिरकं पाहण्याचाही हप्ता भरावा लागतो. वाघ-सिंहांसमोरची काच एकपदरी नसते. कडक केलेल्या जाड काचांचे थर एकमेकांना चिकटवून ती बनवतात. तिच्यातून तिरकं पाहिलं की प्राण्याच्या कडा दुहेरी होतात, मिशांचा काला होतो. त्यात आणखी एक विघ्न : अशी काच तापवून, तिच्यावर गार हवेचे झोत मारून कडक करतात, तेव्हा तिच्यात ताणाचे ठिपके राहतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पोलरायझरमधून दिसतात. काचेच्या धंद्यातले लोक त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात. बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर ते दिसले तर कोणते ठिपके कोणाचे, हे ठरवत बसावं लागेल.

माझं मत विचाराल तर प्राणिसंग्रहालयासाठी पोलरायझर घेऊ नका. कासच्या पठारावर ओल्या पानांची चकाकी कमी करायला, कोयनेच्या पाण्यावरची झळाळी हटवायला तो सोन्यासारखा आहे, तिथे वापरा. काचेसाठी त्याहून स्वस्त इलाज आहे, रबरी हूड. भिंगापुढे बसवायचं आणि काचेला अलगद टेकवायचं. भिंग आणि काच यांच्यामध्ये बाहेरचा उजेड शिरायला जागाच राहिली नाही, तर परतायचा कोण? तिरकं करावं लागलं तरी रबर दबून काचेशी जमवून घेतं.

सर्पोद्यानात तर काम आणखी सोपं. तिथे पेट्यांच्या आत दिवा असतो आणि बघणाऱ्यांची बाजू काळोखी. गणित आधीच तुमच्या बाजूचं. तरीही तुमच्या फोटोत पांढरा गोळा आला असेल तर तो फ्लॅशचा. समोरून मारलेला फ्लॅश काचेवर आपटून थेट तुमच्याच भिंगात येतो. तो बंद करा. सापाला पापण्या नसतात, त्याला डोळे मिटायची सोय नाही, हेही ध्यानात असू द्या. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे सर्पोद्यान. तिथे काचेतून साप पाहिलेल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांच्या दोन पिढ्या झाल्या. त्याआधी आपल्याकडे नाग जवळून पाहायचा तर नागपंचमीला बत्तीस शिराळा गाठायचं. तिथे नाग मडक्यात, मडकं ट्रॅक्टरवर, आणि फोटोवाला नागापासून हातभर अंतरावर. मध्ये काच-बीच काही नाही. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि ती जिवंत नागांची मिरवणूक थांबली. जुन्या अल्बमांत ते फोटो अजून आहेत. त्यांत प्रतिबिंब नाही. मडक्यात कोंडून मिरवलेल्या नागाचे हाल मात्र आहेत, आणि ते फोटोत दिसत नाहीत.

---

प्रश्न : मोबाइलला रबरी हूड कुठलं लावणार? साध्या माणसाने काय करायचं? — एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : मोबाइल काचेला टेकवा. भिंगाची बाजू सपाट टेकली की अर्ध्याहून अधिक काम झालं. काचेवर हाताचे ठसे, चरे असतील तरी घाबरू नका. भिंगाच्या इतक्या जवळची वस्तू पार विरघळून जाते. धुळीचा थर किंवा कुणी चाटलेली काच असेल, तर मात्र रुमालाने तेवढा तुकडा पुसून घ्या. मुलं काचा चाटतात. कुठल्याही पिंजऱ्यासमोर दोन मिनिटं उभे राहा, दिसेल.

टेकवता आला नाही, गर्दी आहे, वाघ खाली बसलाय, तर सोबत्याला मागे काळी छत्री उघडून धरायला सांगा. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटण भागातून आलेल्या माणसाकडे ती असतेच, आणि छायाचित्रकारांच्या महागड्या काळ्या पडद्याचं काम ती बिनबोभाट करते. छत्री नसेल तर काळं जर्किन. तेही नसेल तर दोन्ही तळव्यांचा आडोसा. मागची खिडकी, उन्हातला रस्ता, चकाकती रेलिंग यांपैकी काय काचेत उमटतंय ते आधी बघा आणि तेवढंच झाका. सगळं झाकायची गरज नसते.

पडद्यावर प्राण्यावर बोट दाबून धरा, म्हणजे मोबाइल काचेतल्या तुमच्या चेहऱ्यावर नजर रोखणार नाही. माणसाचा चेहरा दिसला की मोबाइल त्याच्यामागे धावतो, समोर साक्षात वाघ असला तरी. जाड काचेतून फोटो जरा हिरवट येतो, कारण साध्या काचेत लोहाचा अंश असतो. नंतर रंग थोडे उबदार केले की झालं. आभाळ भरलेलं असेल तो दिवस उत्तम. रविवारी दुपारी बारा वाजता उत्तम फोटो मिळणार नाही, हे मी आजच लिहून देतो.

पेंग्विनसमोर अडचण निराळी असते. राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि २०१७च्या मार्चमध्ये त्यांचं दालन लोकांसाठी उघडलं. आत सोळा ते अठरा अंशांचा गारवा आणि भरपूर उजेड, बाहेर प्रेक्षक अंधारात. त्यामुळे कपड्यांचा त्रास कमी. तिथे त्रास देतात ते शेजाऱ्यांचे मोबाइल. प्रत्येक चमकता पडदा काचेत एक चौकोन बनून तरंगतो. त्यावर उपाय एकच, काचेला चिकटणं, आणि त्यासाठी रांगेत धीर धरणं. जाता जाता : हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे खडकांत बिळं करून राहणारे. फोटोत बर्फ आला नाही म्हणून हिरमुसू नका.

---

प्रश्न : माझी मुलगी विचारते, आपण वाघाला दिसतो का? आणि वाघाला काचेत वाघ दिसतो का? मला उत्तर देता आलं नाही. — एक पालक, मिरज

उत्तर : मुलीला सांगा, तिचे दोन प्रश्न मिळून एकच प्रश्न आहे आणि तो फार चांगला आहे.

वर केलेलं गणित उलटं फिरवा. बऱ्याच ठिकाणी प्रेक्षकांची गॅलरी मुद्दाम छपराखाली, सावलीत ठेवतात आणि प्राणी उघड्या आभाळाखाली असतो. आपल्याला तो स्वच्छ दिसतो तो त्यामुळेच. त्याच्या बाजूने मात्र काच म्हणजे मोठा आरसा होतो. त्याला काचेत उन्हातलं गवत, झाडं आणि एक धिप्पाड वाघ दिसतो. त्यामागे कुठेतरी आपण, काळोख्या आकारांसारखे. तो दहा-पंधरा फुटांवरून तुमच्या मुलीकडे रोखून पाहतोय असं वाटलं, तेव्हा तो कदाचित स्वतःकडे किंवा नुसत्या हलत्या सावलीकडे पाहत असेल. पण तो काचेला नाक लावून उभा राहिला की चित्र बदलतं. त्याच्याच डोक्याची सावली काचेवर पडते, तिथला आरसा विझतो आणि आरपार दिसू लागतं. म्हणजे मोबाइलसाठी जी युक्ती वर सांगितली, ती वाघ आपोआप करतो.

आरशातला वाघ आपणच आहोत हे त्याला कळतं का? गॉर्डन गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली चिंपांझींवर एक चाचणी केली. प्राण्याच्या अंगावर, त्याला एरवी दिसणार नाही अशा जागी रंगाचा ठिपका लावायचा आणि आरसा समोर ठेवायचा; आरशात पाहून तो स्वतःच्या अंगावरच्या ठिपक्याला हात लावतो का ते पाहायचं. चिंपांझींनी लावला. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमधली हॅपी नावाची आशियाई हत्तीण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यात पास झाली, आणि मॅगपाय जातीचे पक्षीही. मांजरवर्ग या यादीत नाही. आपल्या अंगणातला बुलबुल उभ्या मोटारीच्या आरशाला चोची मारमारून दमतो, कारण त्याला तो घुसखोर बुलबुल वाटतो. वाघ तसा हल्ला करत नाही म्हणून त्याला सगळं कळलं असं मात्र समजू नका. आरशातल्या वाघाला वास नाही, आणि वास नसलेल्या वाघाची दखल घेण्याचं वाघाला फारसं कारण नाही.

काच उजेड पुरता अडवत नाही आणि आवाजही नाही. त्यावर थापा मारल्या की आतल्या प्राण्यापर्यंत धक्का पोहोचतोच. वाघाने मान वळवावी म्हणून काचेवर किल्ल्या वाजवणारे बाबा सगळीकडे भेटतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-जे त्यांच्यासाठीच आहे. संग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खाऊ घालणं, आवाज करून त्रास देणं हा त्याखाली गुन्हा आहे. मुलीने असं काही पाहिलं तर तिने रक्षकाला जाऊन सांगावं. मुलांनी सांगितलेलं रक्षक जास्त मनावर घेतात, असा अनुभव आहे.

---

प्रश्न : आमचे आजोबा सर्कशीच्या पिंजऱ्यांच्या गोष्टी सांगत. जुन्या फोटोंत वाघासमोर गज दिसतात. मग आता काच कशाला? गज काय वाईट होते? — एक वाचक, पलूस

उत्तर : पलूसकराने सर्कशीबद्दल विचारावं यात नवल नाही. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे तुमच्याच तालुक्यातल्या अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पागेत घोडे शिकवणाऱ्या या माणसाने मुंबईत इटालियन चिआरिनीची सर्कस पाहिली आणि १८८० साली स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस नावारूपाला आली. कृष्णाकाठाने देशाला सर्कशी दिल्या, आणि देशाने वाघ-सिंह पहिल्यांदा पाहिले ते बहुतेक त्यांच्याच गजांआडून. केंद्र सरकारने १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तो अध्याय संपला.

फोटोच्या दृष्टीने गज वाईट नव्हतेच. गजाला भिंग लावून, छिद्र उघडं ठेवून दूरच्या वाघावर नजर रोखली, तर गज विरघळून जातो, जाळीचंही तसंच. काचेतल्या प्रतिबिंबाला ती युक्ती तितकी लागू पडत नाही, कारण ते भिंगाजवळ नसतंच, ते आत दूर कुठेतरी असतं. फोटो सोपे व्हावेत म्हणून काही काच आली नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मासे पाहण्यासाठी काचेचं दालन उघडलं. मासा गजांआड ठेवता येत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने १९०७ साली गज काढून खंदक खणले, आणि प्राणी उघड्यावर असल्याचा भास निर्माण केला. पण खंदक प्राण्याला दूर ठेवतो. जवळ आणायचं आणि माणसाच्या हातापासून, शेंगदाण्यांपासून, खोकल्यापासूनही वाचवायचं, तर काच. पेंग्विनच्या गारव्याला तर दुसरा पर्यायच नाही.

पिंजऱ्यातल्या एका प्राण्याचे फोटो मात्र जगाला फार मोलाचे झाले. क्वागा नावाचा, पुढून झेब्र्यासारखे पट्टे आणि मागून साधा असा एक प्राणी दक्षिण आफ्रिकेत होता. शिकारीने तो पार संपला. जिवंत क्वागाचे जे मोजके फोटो उपलब्ध आहेत, ते सगळे लंडनच्या संग्रहालयातल्या एकाच मादीचे, १८६३ ते १८७० या काळातले. त्यांत मागे कुंपण, भिंत सगळं दिसतं. ते पुसावं असं आज कोणाच्याही मनात येणार नाही.

---

प्रश्न : आता मोबाइलमध्येच प्रतिबिंब पुसायचं ॲप मिळतं. एका बोटात काम होतं. मग एवढ्या उचापती का? आणि असा पुसलेला फोटो स्पर्धेला पाठवता येतो का? — एक वाचक, कराड

उत्तर : पुसा की. घरच्या भिंतीवर लावायला, मुलांना दाखवायला काही बिघडत नाही. पण एवढं ध्यानात घ्या की ॲप साडी पुसतं तेव्हा साडीखालचा वाघ त्याला ठाऊक नसतो. तिथले पट्टे ते अंदाजाने रंगवतं. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटाच्या ठशासारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. वनखाते त्यांवरूनच वाघ ओळखतं. ॲपने रंगवलेला वाघ तसा कुठल्याच जंगलात नसतो.

स्पर्धांचं म्हणाल, तर निसर्ग-छायाचित्रणाच्या नामांकित स्पर्धा पिंजऱ्यातला प्राणी जंगलातला म्हणून दाखवणं मुळीच खपवून घेत नाहीत. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेचा २००९चा विजेता फोटो कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांनी ठरवलं आणि छायाचित्रकाराने नकार दिला तरी २०१०च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. नियम वाचा, आणि फोटो संग्रहालयातला आहे हे लिहा. काही स्पर्धांत त्यासाठी वेगळा गट असतो.

मला खरी काळजी स्पर्धेची नाही, तुमच्या कराडचीच आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असे चार जिल्हे त्यात येतात. त्यामुळे इथे वाघ म्हटलं की लोकांचा विश्वास चटकन बसतो. उसात बिबट्या तर खराच असतो. अशा मुलखात पुण्या-मुंबईच्या पिंजऱ्यातला, काच नीट पुसलेला, मागे झाडी असलेला वाघाचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला की चार शब्द आपोआप चिकटतात : आज पहाटे, अमुक शिवारात. मग ऊसतोड थांबते, रात्रीचं पाणी द्यायला कोणी जात नाही, वनरक्षक पंजाचे ठसे शोधत वणवण फिरतात. साडीचे काठ तसेच राहिले असते, तर हा फोटो संग्रहालयातला हे एका नजरेत कळलं असतं.

म्हणून विट्याच्या बाईंना माझा सल्ला असा की दोन्ही ठेवा. साफ केलेला एक आणि मूळचा एक. मूळच्या फोटोत मुलांच्या टोप्या आहेत, कुणीतरी वाकून बघतंय, एक मुलगा काचेला पाठ लावून उभा आहे आणि त्याच्या मागे वाघ आहे हे त्याला माहीतच नाही. वर्गात लावण्यासारखा फोटो तो आहे. साफ केलेला बाहेर कुठे पाठवलात, तर खाली ठिकाण लिहा : राणीची बाग, भायखळा.

---

प्रश्न : कात्रजला कोणत्या वारी जावं? — एक वाचक, वाई

उत्तर : बुधवार सोडून कधीही. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं आणि राणीची बागही. बुधवारी सुटी आली तर वेळापत्रक बदलू शकतं, म्हणून आधी फोन करून विचारा. साताऱ्याकडून येणाऱ्याला कात्रज पुण्याच्या अलीकडेच लागतं, तेव्हा पहिली एस.टी. धरलीत तर गेट उघडताना पोहोचाल. त्या वेळी काचा नुकत्याच पुसलेल्या असतात.